‘कीप या हेड अप’ नीट ऐकायचं तर कसं ऐकायचं

माझ्या भाचीला रॅप आवडतं, दिवसभर कानात हेडफोन असतो, आणि मध्ये एकदा तिने मला विचारलं की मावशी, त्या काळ्या अमेरिकन रॅपर टूपॅकचं ते ‘कीप या हेड अप’ सगळे एवढं भारी म्हणतात पण मला तर ते साधं धीर देणारं गाणं वाटलं, त्यात एवढं काय आहे? मला तिचं अजिबात चूक वाटलं नाही कारण मी पण कॉलेजात असताना ते तसंच ऐकलं होतं, बसमध्ये, अर्धवट, आणि कितीतरी वर्षं मला वाटायचं की परीक्षेच्या आधी मूड ठीक करायला ऐकायचं हे गाणं. मग दोन रविवार आम्ही दोघी ते घेऊन बसलो. तेव्हा जे जे केलं ते इथे लिहून काढतेय, कुणाला स्वतःसाठी नाहीतर घरातल्या मुलामुलींसोबत ऐकायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिल्यांदा फक्त ऐका. शब्द उघडू नका, गुगल करू नका, चार-साडेचार मिनिटांचं गाणं आहे, मोबाईल उलटा ठेवा आणि ऐका. इंग्लिश झरझर जातं, अर्धं कळणार नाही, चालेल. या वेळी कान फक्त आवाजाकडे ठेवायचा. मागे एक विचित्र, माणूस आणि मशीन मिळून गातायत असा आवाज येतो बघा, तो टॉकबॉक्सचा. कीबोर्डचा आवाज नळीतून तोंडात घ्यायचा आणि ओठ-जिभेने त्याचे शब्द करायचे अशी ती पद्धत आहे, आणि हा तुकडा आलाय झॅप या ग्रुपच्या १९८० च्या ‘बी ऑलराइट’ गाण्यातून. डीजे डॅरिल नावाच्या प्रोड्यूसरने तो घेऊन बीट बनवली. मध्ये मध्ये जी गोड ओळ गायली जाते ती डेव्ह हॉलिस्टरच्या आवाजात आहे, आणि तिची चाल फाइव्ह स्टेअरस्टेप्स या शिकागोच्या भावंडांच्या ग्रुपच्या १९७० सालच्या गाण्यातून घेतलीय, ज्यात लेकराला समजावलंय की हळूहळू सगळं सोपं होईल. म्हणजे १९९३ मधला एक बावीस वर्षांचा पोरगा बोलतोय आणि त्याच्या मागे त्याच्या आईच्या काळातली गाणी उभी आहेत. घरात जुनी रेडिओवरची गाणी लागलेली असताना कुणीतरी गंभीर काही बोलायला लागावं, तसं. हे एकदा कानाला कळलं की गाणं एकदम घरातलं वाटायला लागतं, आणि ते तसं वाटणं फार महत्त्वाचं आहे कारण पुढे जे बोललंय ते घरातल्या माणसांबद्दलच आहे.

आता दुसऱ्यांदा लावायच्या आधी थांबा, आणि लटाशा हार्लिन्सबद्दल वाचा. ही पायरी गाळली तर बाकी सगळं फुकट, असं माझं मत आहे. गाण्याच्या शब्दांमध्ये तिचं नाव येत नाही, म्हणून नुसतं ऑडिओ ऐकणाऱ्याला ती कधीच भेटत नाही, पण गाण्याचा व्हिडिओ तिच्या आठवणीला अर्पण केलेला आहे. लटाशा पंधरा वर्षांची होती. लहानपणीच तिच्या आईचा गोळी लागून मृत्यू झालेला, आजीने वाढवलेली. १६ मार्च १९९१ ला लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागातल्या एका दुकानात ती ऑरेंज ज्यूसची बाटली घ्यायला गेली, किंमत १ डॉलर ७९ सेंट. बाटली तिने पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवली होती आणि काउंटरवरच्या दुकानदार बाईला वाटलं ही चोरतेय. झटापट झाली, लटाशाने बाटली काउंटरवर ठेवून दिली आणि दाराकडे वळली, आणि मागून डोक्यात गोळी लागली. तिच्या हातात २ डॉलर होते. हातात पैसे होते हो. दुकानातल्या कॅमेऱ्यात हे सगळं रेकॉर्ड झालं होतं आणि पोलिसांनीही सांगितलं की चोरीचा प्रयत्न नव्हता.

पुढचं पण वाचा कारण गाण्यातला राग तिथून येतो. ज्यूरीने त्या दुकानदार बाईला दोषी ठरवलं, १६ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती, आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये जजने शिक्षा दिली ती अशी – ५ वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा, ५०० डॉलर दंड आणि मुलीच्या अंत्यविधीचा खर्च. एक दिवस जेल नाही. रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी मारल्याचा तो गाजलेला व्हिडिओ याच्या तेराच दिवस आधीचा, आणि त्या केसमधले पोलीस सुटल्यावर एप्रिल १९९२ च्या शेवटी लॉस एंजेलिस पेटलं, तेव्हा लोकांच्या मनात लटाशा पण होती. पण बाहेरच्या जगाला रॉडनी किंग आठवतो, लटाशा आठवत नाही. मुलगी होती, काळी होती, गरीब होती, तीनदा मागे पडली. एक काळजी मात्र घ्या, विशेषतः मुलांना सांगताना. दुकानदार बाई कोरियन होती म्हणून अख्ख्या कोरियन समाजावर बोट ठेवून गोष्ट संपवू नका, त्या दंगलीत कोरियन लोकांची शेकडो दुकानं जळाली, आणि लटाशाच्या घरच्यांची लढाई होती ती मुख्य म्हणजे त्या शिक्षेविरुद्ध, त्या जजच्या निर्णयाविरुद्ध. तिच्या मावशीने, डेनिस हार्लिन्सने, ती लढाई वर्षानुवर्षं लढली. (मावशी म्हटल्यावर मी जरा थांबतेच इथे.)

वेळ असेल तर ‘अ लव्ह साँग फॉर लटाशा’ ही वीसेक मिनिटांची डॉक्युमेंटरी बघा, सोफिया नाहली अ‍ॅलिसनने केलेली, ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेली होती. लटाशाची नात्यातली बहीण आणि मैत्रीण तिच्याबद्दल बोलतात. ती कशी हसायची, कुणाच्या मदतीला कशी धावायची, वकील व्हायचं होतं तिला. यूट्यूबवर दुकानाच्या कॅमेऱ्याचं फुटेज शोधू नका प्लीज, आणि मुलांना तर अजिबात दाखवू नका. त्यात ती फक्त मरताना दिसते. डॉक्युमेंटरीत ती जगताना भेटते.

आता लिरिक्स समोर ठेवून दुसऱ्यांदा ऐका.

पहिल्या कडव्याची पहिलीच ओळ नीट घ्या, तिथेच सगळं आहे. काळ्या अमेरिकन लोकांमध्ये एक जुनी म्हण आहे, बेरी जितकी काळी तितका रस गोड. आपल्याकडे करवंद विकणाऱ्या बायका ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून हाळी देतात ना, साधारण तसंच कौतुक, आणि जितकं करवंद काळं तितकं पिकलेलं हे आपल्याला पण माहीत आहे. टूपॅक म्हणतो, लोक असं म्हणतात, पण मी म्हणतो कातडी जितकी गडद तितकी मुळं खोल. मला हे कळायला फार वर्षं लागली की तो नुसती यमकं जुळवत नाहीये. रस गोड आहे की नाही हे कोण ठरवणार, तर खाणारा. म्हणजे कौतुक आहे पण ते खाणाऱ्याच्या जिभेवरचं आहे. मूळ मात्र झाडाचं स्वतःचं असतं, ते कुणाला गोड लागायची गरजच नाही. एका ओळीत त्याने बाईला फळ होण्यातून सोडवलं आणि झाड केलं. भाचीला हे सांगताना मी आपल्याकडची ती स्थळं बघतानाची भाषा आठवून दिली, ‘रंगाने सावळी आहे पण नाकीडोळी नीटस आहे’, त्यातला तो ‘पण’. तिला लगेच कळलं. पण इथेच थांबवायचं, आपला रंगाचा त्रास आणि अमेरिकेतला गुलामगिरीतून आलेला वंशवाद एकच आहे असं सांगत सुटायचं नाही, ओळखीची एक खूण दाखवायची आणि परत त्यांच्या गोष्टीकडे यायचं.

लगेच पुढे तो वेलफेअरवर, म्हणजे सरकारी मदतीवर, जगणाऱ्या सिस्टर्सना सलाम करतो. ‘सिस्टर’ म्हणजे इथे सख्खी बहीण नाही, काळी बाई, आपली बाई, भाषणात ‘माझ्या भगिनींनो’ म्हणतात त्यापेक्षा खूप जवळचं. आणि ‘वेलफेअर’ हा शब्द त्या काळात शिवीसारखा वापरला जायचा. १९७६ च्या प्रचारात रोनाल्ड रेगनने सरकारी मदत लुबाडणाऱ्या एका बाईची गोष्ट सभांमधून सांगितली आणि ‘वेलफेअर क्वीन’ हे चित्र अमेरिकेच्या डोक्यात बसलं, त्यात बाईचा चेहरा लोकांनी काळाच धरला. मदत घेणाऱ्यांमध्ये गोऱ्या बायका पण भरपूर होत्या तरी. तर १९९३ मध्ये रेडिओवर जाणाऱ्या गाण्यात कुणीतरी या बायकांना थेट म्हणतो की बाकी कुणाला नसली तरी टूपॅकला तुमची काळजी आहे, तेव्हा ती ओळ काय होती हे असं कळतं. तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, ती मदतीची जुनी योजनाच बंद केली गेली.

मग तो पुरुषांकडे वळतो. आपण सगळे बाईतून आलो, नाव बाईकडून मिळालं, हुशारी बाईकडून मिळाली, तर मग आपण आपल्या बायकांना लुबाडतो का, त्यांच्यावर बलात्कार करतो का, त्यांचा द्वेष करतो का? हे प्रश्न आहेत, आणि प्रश्न विचारताना तो ‘तुम्ही’ नाही म्हणत, ‘आपण’ म्हणतो, ऐका. बाईने मूल कधी आणि कुठे जन्माला घालायचं हे ठरवायचा हक्क पुरुषाला नाही हे पण तो इथेच सांगतो, आणि नवरा-बॉयफ्रेंड कदर करत नसेल तर सोड त्याला, हे पण.

दुसरं कडवं बरेच जण सोडून देतात कारण ते त्याच्या स्वतःबद्दल आहे, लहानपण, मार्विन गेची गाणी, आईला दिलेला त्रास. तीन-चार शब्द अडतील ते सांगून ठेवते. ‘पेन’ म्हणजे जेल. ‘लेजिट’ राहणं म्हणजे दोन नंबरचे धंदे न करता जगणं. आणि पावसाची जी प्रतिमा चालू असते त्यात ‘वेट अप’ येतं, त्याचा अर्थ भिजणं एवढाच नाही, गोळ्या लागून रक्ताने भिजणं, म्हणजे मान पण वर ठेवायची आणि गोळीही चुकवायची अशी ती ओळ आहे, हे कळलं की गाण्याचं नाव नुसतं गोड राहत नाही. युद्धाला पैसे आहेत आणि गरिबाला खायला घालायला नाहीत ही ओळ पण इथलीच.

त्याच कडव्यात आईवर रागाची एक ओळ आहे, क्रॅकच्या, म्हणजे एक प्रकारच्या कोकेनच्या, व्यसनाबद्दल. ती ऐकून चमकू नका आणि लपवू पण नका. त्याची आई अफेनी शकूर काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पार्टीत होती, न्यूयॉर्कच्या ‘पँथर २१’ खटल्यात आरोपी होती, गरोदर असताना तुरुंगात राहिली, वकील न घेता कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि मे १९७१ मध्ये सगळ्यांसोबत निर्दोष सुटली. महिनाभराने, १६ जून १९७१ ला, टूपॅक जन्मला. नंतर तीच अफेनी क्रॅकच्या व्यसनात अडकली, आणि त्यातून बाहेर पण आली. कोर्टाला हरवणारी आणि व्यसनाने हरलेली, दोन्ही एकच बाई, आणि पोराच्या गाण्यात दोन्ही येतात. बाईचा सन्मान म्हणजे तिला देवीच्या फोटोसारखं भिंतीवर टांगणं नाही हे मी या कडव्यातून शिकले.

ब्लॅक पँथर म्हटल्यावर मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर उभी केली ती याच पँथर्सकडे बघून, आणि त्याच्या ९९ वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती ती अमेरिकेतल्या काळ्या लोकांना गुलामीतून सोडवणाऱ्या भल्या माणसांना. म्हणजे हे नातं आपण आज इंटरनेटवर जोडत नाही आहोत, ते आधीपासून आहे, तुमच्या घरातल्या मोठ्यांना दलित पँथर आठवत असेल तर मुलांना त्यांच्याकडे पाठवा, ते जे सांगतील ते मी इथे लिहू शकत नाही.

तिसरं कडवं मी समजावत नाही. एकटीने मूल वाढवणाऱ्या बाईशी बोललंय, आतून मरत असताना बाहेरून न घाबरल्यासारखं दाखवणारी बाई, या आठवड्यात काही कोसळू नये एवढीच जिची अपेक्षा आहे. आपल्या सगळ्यांच्या ओळखीत अशी एक तरी आहे. ते नुसतं ऐका.

आता अवघड भाग. हे गाणं सिंगल म्हणून ऑक्टोबर १९९३ मध्ये आलं, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीने टूपॅकवर आणि त्याच्यासोबतच्या माणसांवर लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. डिसेंबर १९९४ मध्ये ज्यूरीने त्यातल्या लैंगिक छळाच्या आरोपात त्याला दोषी ठरवलं, तो जेलमध्ये गेला. त्याने शेवटपर्यंत नाकारलं. भाचीने विचारलं, मग हे गाणं खोटं का? मी तिला सांगितलं ते असं – गाण्यातला प्रश्न खरा आहे, आणि तो प्रश्न विचारणाऱ्यालाही लागू आहे. त्या मुलीला विसरून गाणं ऐकायचं नाही. ज्या गाण्यात विचारलंय की आपण आपल्या बायकांचा द्वेष करतो का, ते ऐकताना तिची गोष्ट बाजूला ठेवली तर आपण गाणंच ऐकलं नाही. मुलांपासून हे लपवू नका, त्यांना कळतंच, आणि आपण सांगितलं नाही हे पण कळतं.

एक प्रॅक्टिकल गोष्ट. हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे त्याच्या नावात आणि टूपॅकच्या बाकी गाण्यांमध्ये तो ‘एन’ वरचा शब्द येतो, काळ्या लोकांना हिणवायला वापरला गेलेला. सोबत गाताना तो म्हणायचा नाही, तिथे गप्प बसायचं, बास. आपण पण ब्राउन आहोत म्हणून आपल्याला चालतं असं कॉलेजमधली मुलं म्हणतात, नाही चालत, तो शब्द ज्यांच्यावर फेकला गेला त्यांचाच तो आहे, काय करायचं ते तेच ठरवणार. आपल्याकडे जातीवरून दिलेल्या शिव्यांबद्दल आपल्याला हे पटतं, मग तिथेही पटायला हवं.

मराठीत कुणाला अर्थ सांगायचा असेल, आईला, आजीला, तर नावापासून सुरू करा. ‘डोकं वर ठेव’ नका म्हणू, ते पोहायला शिकवल्यासारखं वाटतं. ‘हिंमत हारू नको’ पण नको, फार गुळगुळीत झालंय ते. ‘मान वर ठेव’ म्हणा. आपल्याकडे चांगली मुलगी कुठली, तर मान खाली घालून जाणारी आणि मान खाली घालून येणारी. आणि बिघडलेली कुठली, तर मान वर करून बोलणारी. ‘मान वर करून बोलतेस?’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई मला तरी भेटलेली नाही. तर त्याच भाषेत एक माणूस एका पोरीला म्हणतोय की मान वर ठेव, खाली घालू नकोस. माझ्या आईला मी एवढंच सांगितलं, बाकी गाणं तिला फार कळलं नाही, पण ‘परत लाव’ म्हणाली.

आणि एक चूक हमखास होते ती टाळा. दोन कडवी झाली की कुणीतरी म्हणतं, हे काय, हे तर सगळ्याच बायकांचं गाणं आहे. तसं वाटणं साहजिक आहे पण तसं म्हणून टाकलं की पहिली कोण जाते, तर लटाशा. या गाण्याला पत्ता आहे, साउथ सेंट्रलचा. किंमत आहे, १ डॉलर ७९ सेंट. ते काळ्या बायकांसाठी लिहिलंय, त्यांनाच ‘सिस्टर’ अशी हाक मारून लिहिलंय, आणि आपल्याला ते भिडतं म्हणून ते आपलं होत नाही. पाहुण्यासारखं ऐकायचं, पाहुणा मनापासून जेवतो पण घर स्वतःच्या नावावर करत नाही.

हे पचल्यावर पुढे काय ऐकायचं? सगळ्यात आधी बायकांचा स्वतःचा आवाज, कारण सन्मान करणारा पुरुष एक गोष्ट आणि स्वतःबद्दल बोलणारी बाई वेगळी गोष्ट. रॅपर क्वीन लतीफाचं ‘लेडीज फर्स्ट’, १९८९ चं, मोनी लव्हसोबत, त्याचा व्हिडिओ बघाच, हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रुथ, अँजेला डेव्हिस असे चेहरे येतात, प्रत्येक चेहऱ्यावर पॉज करून एकेक नाव वाचलं तरी एक रविवार जातो. मग तिचंच १९९३ चं ‘युनिटी’, रस्त्यावरची छेडछाड, घरातली मारहाण, आणि रॅपमध्ये बायकांना दिल्या जाणाऱ्या शिव्या, तिन्हीला तोंडावर उत्तर. ते टूपॅकच्याच वर्षीचं आहे हे लक्षात ठेवून ऐका, एकाच वर्षातली दोन गाणी, एकात पुरुष आपल्या पुरुषांना विचारतोय आणि दुसऱ्यात बाई विचारायची वाट बघत नाहीये. मागे जायचं असेल तर नीना सिमोनचं १९६६ चं ‘फोर विमेन’, चार काळ्या बायका, चार रंगछटा, प्रत्येक जण आपलं नाव स्वतः सांगते, आणि शेवटचं नाव ती ज्या आवाजात सांगते तिथे आवाज मोठा ठेवा.

आणि मग रॅप्सडी या रॅपर बाईचा २०१९ चा ‘ईव्ह’ हा अल्बम, त्यात जवळपास प्रत्येक गाण्याला एका काळ्या बाईचं नाव आहे, सुरुवात नीनापासून, मग सेरेना आहे, माया आहे, मिशेल आहे, सोजर्नर आहे. एकदम सगळा नका ऐकू, आठवड्याला एक गाणं घ्या, आधी त्या बाईबद्दल वाचा, मग लावा, आम्ही तसंच करतोय. शेवटचं गाणं आहे ‘अफेनी’. भाची अजून तिथपर्यंत पोचली नाहीये, मी तिला सांगून ठेवलंय की त्या दिवशी आधी ‘कीप या हेड अप’ चं दुसरं कडवं परत लाव, ते आईवरच्या रागाचं, आणि ते संपलं की मध्ये काही न बोलता हे लाव.